पाणी किती फूट, आणि कुठून?

लग्नानंतर कामावर परतलेल्या आमच्या एका अँकरच्या हातात हिरवा चुडा होता. दुपारचं बुलेटिन सुरू झालं, तिनं नकाशावर मराठवाड्याकडे हात नेला आणि पीसीआरमधल्या, म्हणजे बुलेटिन चालवणाऱ्या नियंत्रण कक्षातल्या, प्रत्येक मॉनिटरवर तिचं मनगट नाहीसं झालं. पंजा एकीकडे, कोपर दुसरीकडे आणि मधल्या फटीतून परभणी, हिंगोली. आमच्या अँकरमागे हिरवी भिंत असते. संगणक तो रंग काढून टाकतो आणि त्या जागी नकाशा किंवा सेट बसवतो. हिरवा चुडाही त्यानं भिंतच धरला. पॅनेल प्रोड्युसर टॉकबॅकवर, म्हणजे तिच्या कानात, ओरडला, "हात खाली घे, हात खाली." ब्रेकमध्ये फ्लोअर मॅनेजर तिला बांगड्या काढायला सांगायला गेला. तिनं स्वच्छ नकार दिला. मला तिचंच बरोबर वाटलं आणि मी तसं बोललेही. भिंतीला कुठला रंग द्यायचा हे आपण ठरवलंय, मग त्याची अडचण तिच्या हातांनी का सोसायची? शेवटी लांब बाह्यांचं जॅकेट आणलं, चुडा त्याखाली झाकला आणि पुढचं बुलेटिन निघालं.

मी वृत्तवाहिन्यांमध्ये ग्राफिक्सचं काम करते. शिक्षण उपयोजित कलेचं. जाहिरातीत जायचं ठरवलं होतं, बातम्यांत आले आणि इथेच रमले. या कामात हिरव्या रंगाशी रोजचा संबंध येतो आणि महाराष्ट्रात तो रंग टाळणं किती अवघड आहे ते पदोपदी कळतं. शालू हिरवा, डोहाळजेवणाची साडी हिरवी, नवरात्रात एक दिवस हिरव्याचा. त्या दिवशी सगळ्या ऑफिसात हिरवळ असते आणि व्हर्च्युअल, म्हणजे संगणकावर घडवलेल्या, सेटवर बसणारी अँकर तेवढी वेगळ्या रंगात.

हिरवाच का, हे नवीन माणूस पहिल्याच दिवशी विचारतो. माणसाची कातडी गोरी असो की सावळी, तिच्यात तांबूस-पिवळ्याचा अंश जास्त. हिरवा आणि निळा हे दोन रंग तिच्यापासून सगळ्यांत लांब. फिल्मच्या काळात सिनेमावाल्यांनी निळा धरला. टीव्हीनं पुढे हिरवा धरला, कारण एचडी चित्राच्या उजळपणात सुमारे ७२ टक्के वाटा एकट्या हिरव्याचा असतो आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के. त्यामुळे हिरव्या भिंतीला दिवे कमी लागतात आणि माणसाची कड स्वच्छ सुटते.

हिरवं दिसेल ते कापून टाकलं की झालं, असं बाहेरून वाटतं. खरी परीक्षा केसांच्या टोकाशी आणि शिफॉनच्या पदरात असते. तिथे एकाच बिंदूत थोडा माणूस असतो आणि थोडी भिंत. पेट्रो व्लाहोस या अमेरिकन तंत्रज्ञानं यावर तोड काढली. प्रत्येक बिंदूत लाल, हिरवा, निळा या तिन्हींपैकी भिंतीचा रंग बाकीच्या दोहोंपेक्षा किती वरचढ आहे ते मोजायचं आणि तेवढ्याच प्रमाणात भिंत वजा करायची. त्यांनी १९७६ मध्ये उभ्या केलेल्या अल्टिमॅट कंपनीचं नाव आजही क्रोमाच्या, म्हणजे भिंतीचा रंग कापणाऱ्या, यंत्रांवर आहे. तरी भिंतीचा हिरवा उजेड माणसावर पडतोच, हनुवटीखाली, कानामागे. पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या खादीवर ती झाक सर्वांत आधी दिसते आणि आमच्या चर्चांना येणारे पुढारी बहुतेक त्याच कपड्यांत असतात. म्हणून पाहुण्याला भिंतीपासून शक्य तितकं पुढे बसवायचं आणि मागून एक हलका दिवा द्यायचा.

एवढं झालं की चित्र मिळतं, पण ते कॅमेरा हलेपर्यंतच. कॅमेरा हलला की मागची भिंत, खांब, जमीन सगळं त्याच हिशेबानं हललं पाहिजे. त्यासाठी संगणकाला प्रत्येक फ्रेमला कळावं लागतं की कॅमेरा कुठे आहे, किती उंचावर आहे, कुठल्या बाजूला वळलाय, किती झुकलाय, झूम किती आहे, फोकस कशावर आहे. एकूण आठ आकडे. ते मिळवायच्या एका पद्धतीत कॅमेऱ्याच्या पाठीवर वर बघणारा एक छोटा कॅमेरा बसवतात आणि स्टुडिओच्या छताला चकाकणाऱ्या टिकल्या चिकटवतात. वर मान करून पाहिलं तर त्या वेड्यावाकड्या विखुरलेल्या दिसतात. त्यांची जागा मुद्दामच अनियमित ठेवलेली असते, कारण सरळ रांगांतल्या टिकल्या एकसारख्या दिसल्या तर यंत्राला आपण कुठल्या कोपऱ्यात आहोत ते कळणार नाही. बीबीसीच्या संशोधन विभागानं नव्वदीच्या दशकात छतावरच्या खुणांवर चालणारी फ्री-डी नावाची पद्धत तयार केली. ट्रॅकिंगचे आकडे पाठवायची तिची रीत आज बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांत चालते.

आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे एका फ्रेमला ४० मिलिसेकंद. टिकल्या वाचून, आकडे काढून, पूर्ण सेट नव्यानं रंगवून तो माणसामागे बसवायला काही फ्रेम जातात. तेवढा वेळ कॅमेऱ्याचं चित्र थोपवून धरावं लागतं आणि आवाजही, नाहीतर ओठ आणि शब्द जुळत नाहीत. याचा सगळ्यांत जास्त त्रास अँकरला. बाजूच्या मॉनिटरवर तिला स्वतःचा हात उशिरा उचललेला दिसतो. मॉनिटर बघत बघत ती रत्नागिरीवर बोट ठेवायला गेली की बोट पुढे निघून जातं. म्हणून आम्ही जमिनीवर भिंतीपेक्षा किंचित गडद हिरव्या चिकटपट्टीच्या खुणा करतो. इथे उभं राहिलीस की डाव्या खांद्याच्या रेषेत कोकण, उजव्या हाताला विदर्भ. चांगली अँकर दोन-चार तालमींत हे अंगात भिनवते आणि मग मॉनिटरकडे बघतही नाही. समोर काहीही नसताना नेमक्या जागी नजर ठेवायची, नेमकं तिथेच बोट थांबवायचं, आणि त्याच वेळी टीपीवरचं, म्हणजे टेलिप्रॉम्प्टरवरचं, वाक्य नीट वाचायचं. या कसबाबद्दल मला फार आदर आहे.

४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, अमेरिकी अध्यक्षपदाच्या निकालात, सीएनएननं शिकागोतल्या वार्ताहर जेसिका येलिन यांना प्रतिमेच्या रूपात न्यूयॉर्कच्या स्टुडिओत उभं केलं होतं. शिकागोतल्या तंबूत त्यांच्याभोवती ३५ कॅमेरे होते. घरबसल्या बघणाऱ्यांना त्या आणि स्टुडिओतले अँकर वुल्फ ब्लिट्झर समोरासमोर दिसत होते. प्रत्यक्षात ब्लिट्झर यांच्यासमोर रिकामी जमीन होती. जगभर त्याची चर्चा झाली. त्या चर्चेत एक साधी गोष्ट फार कमी जणांनी विचारली: येलिन यांनी तिथून जे सांगितलं ते नेहमीच्या चौकटीतून सांगितलं असतं तर काय कमी पडलं असतं? माझ्या मते काहीच नाही. कुठलंही ग्राफिक लावायच्या आधी मी हा प्रश्न विचारते आणि निम्म्या वेळा उत्तर 'काहीच नाही' असंच येतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. संध्याकाळी सातच्या बातम्या म्हटल्यावर आमच्या आधीच्या पिढीच्या डोळ्यांसमोर प्रदीप भिडे येतात, भक्ती बर्वे, अनंत भावे, स्मिता पाटील येतात. त्यांच्या मागे काय होतं ते कुणी सांगू शकत नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच. सगळा भार आवाजावर आणि उच्चारावर. तो काळ परत यावा असं मला वाटत नाही. महापुराचा नकाशा, धरणाची पातळी, मतदारसंघाच्या सीमा या गोष्टी नुसत्या आवाजानं पोचत नाहीत. चित्रानं पोचतात आणि ते पोचवायचं काम मला प्रिय आहे.

तंत्राचा प्रवास थोडक्यात सांगते. १९९३ मध्ये बीबीसीनं बातम्यांना संगणकावर घडवलेला सेट दिला. नव्वदीच्या मध्यावर इस्रायलच्या ओराड आणि आरटी-सेट या कंपन्यांनी हलत्या कॅमेऱ्याबरोबर हलणारे सेट विकायला सुरुवात केली. त्यासाठी सिलिकॉन ग्राफिक्सचे कपाटाएवढे संगणक लागायचे आणि ते फार थोड्यांना परवडायचे. आरटी-सेट आणि नॉर्वेतल्या बर्गनमध्ये उगम असलेलं काम एकत्र येऊन व्हिझआरटी ही ग्राफिक्स कंपनी झाली. दिल्लीचं वास्प थ्रीडी हे सॉफ्टवेअर भारतीय वाहिन्यांत घरोघरी पोचलं. मग अनरियल इंजिन आलं, जे मुळात व्हिडिओ गेमसाठी बनलं होतं. त्यावर तुर्कस्तानच्या झीरो डेन्सिटीसारख्या कंपन्यांनी स्टुडिओसाठी साधनं उभारली. आता एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या संगणकावर ओली फरशी, तिच्यात पडलेलं अँकरचं प्रतिबिंब, ढगांतून झिरपणारा उजेड, सगळं थेट प्रक्षेपणात होतं.

आणि इथून खरी जबाबदारी सुरू होते.

सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लॉरेन्स वादळ अमेरिकेच्या कॅरोलायना किनाऱ्याकडे येत होतं. द वेदर चॅनेलनं एक ग्राफिक केलं. त्यांच्या हवामानतज्ज्ञ एरिका नवारो स्टुडिओत गल्लीच्या नाक्यावर उभ्या आहेत, भोवती पाणी चढतंय. तीन फूट: पाणी मांडीपाशी. सहा फूट: डोक्याच्या वर, गाड्या तरंगताहेत. नऊ फूट: घराचा तळमजला गेला. अनरियल इंजिनवर केलेलं ते दृश्य जगभर फिरलं, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर दिवसभर. मी ते परत परत पाहिलं. त्यातली नक्षी तर अप्रतिम आहेच, पण मला त्यातला प्रामाणिकपणा आवडला. तिथल्या वादळ केंद्राचे वादळानं किनाऱ्यावर चढणाऱ्या समुद्राच्या पाण्याचे अंदाज जमिनीपासून किती फूट पाणी चढेल या हिशेबानं दिलेले असतात. त्यामुळे अंदाजात सहा फूट म्हणजे तुमच्या दारात उभं राहिलं तर सहा फूट. आकडा आणि चित्र एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. घर सोडायचं की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला यापेक्षा उपयोगी काय देता येईल?

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कोल्हापूर-सांगली बुडालं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी बंद झाला, गावं तुटली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ च्या पुढे. रात्रपाळीत आउटपुटकडून, म्हणजे बुलेटिनमध्ये काय जाईल ते ठरवणाऱ्या डेस्ककडून, निरोप आला: ते अमेरिकेचं ग्राफिक आठवतंय ना, तसंच करू. अँकर मध्ये उभी, भोवती ५५ फूट पाणी. कोल्हापूर बुडालं. सकाळी सातच्या आत द्या.

आमच्यातला एक जण मूळचा कोल्हापूरचा. पहाटे घरच्यांशी बोलून नुकताच फोन ठेवला होता त्यानं. तो म्हणाला, "अगं, ५५ फूट म्हणजे पाच मजले बुडले की. ती पट्टी बंधाऱ्यावरची आहे. आमच्या शाहूपुरीत कमरेएवढं पाणी हाय, पलीकडच्या गल्लीत छातीएवढं, आणि रंकाळ्याच्या वरच्या अंगाला रस्ता कोरडा हाय."

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी मोजतात ते तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासून. नदी पात्रात असते तेव्हाही तो आकडा वीस-पंचवीस फूट असू शकतो. पूर त्याच्या वर सुरू होतो. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पावसाळ्यात तो सकाळी उठून 'राजारामला किती' विचारतो आणि आपल्या गल्लीचा हिशेब मनात करतो, कारण कितीला पाणी कुठल्या नाक्यावर येतं हे त्याला लहानपणापासून माहीत असतं. पण वाहिनी कोल्हापूरबाहेरही दिसते. पुण्यात शिकणारी मुलं, मुंबईत नोकरी करणारी, दुबईत, लंडनमध्ये बसून आईवडिलांचा फोन लागत नाही म्हणून टीव्ही बघणारी माणसं. त्यांना आम्ही अँकरच्या डोक्यावर पन्नास फूट पाणी दाखवलं असतं तर? आकडा सरकारी, बंधारा खरा, पाणी खरं आणि चित्र साफ खोटं.

आम्ही ते केलं नाही. अर्धा-पाऊण तास वाद झाला. आउटपुटचं म्हणणं होतं की आकडा तर आपण बनवलेला नाही. मी म्हटलं, आकडा कुठून मोजला ते न सांगता तो माणसाच्या उंचीशेजारी ठेवला, की तो आपणच बनवलेला होतो. शेवटी दोन प्लेट, म्हणजे पडद्यावरची दोन ग्राफिक्स, केल्या. एकीत नुसती मोजपट्टी: ३९ ला पिवळी रेघ, ४३ ला लाल, आणि पाणी लाल रेघेच्या किती वर आहे ते. दुसरीत शहराचा नकाशा आणि आमच्या स्ट्रिंगरनं, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणाऱ्या स्थानिक बातमीदारानं, स्वतः जाऊन, किंवा ओळखीच्या माणसांना फोन करून गोळा केलेली चार-पाच ठिकाणं: गुडघा, कंबर, छाती. दिसायला साधं होतं, पण दुपारपर्यंत दुसऱ्या प्लेटसाठी फोन यायला लागले, आमच्या गल्लीचंही टाका म्हणून.

डोंगराच्या बाबतीत हाच घोटाळा वेगळ्या वाटेनं होतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नाही, पाऊस थांबत नाही, जेसीबी चढवता येत नाही. बचावपथकं पायी वर गेली. खाली थांबलेल्या कॅमेऱ्यांना धुक्यापलीकडे काही दिसत नव्हतं. अशा वेळी व्हर्च्युअल सेट मोलाचा. उपग्रहाच्या उंचीच्या नोंदींवरून तो डोंगर स्टुडिओच्या जमिनीवर उभा करता येतो, पायवाट कुठून चढते आणि वाडी कुठे वसलेली होती ते अँकर चालत चालत दाखवू शकते, आणि यंत्रं का पोचत नाहीत हे वाक्याविना कळतं. पण अशा भूरूपांना उंची दुप्पट-तिप्पट ताणायची सोय सॉफ्टवेअरमध्ये एका सरकपट्टीवर असते, कारण खऱ्या मापाचे डोंगर पडद्यावर चपटे वाटतात. बहुतेक जण ती ताणतात. उतार कड्यासारखा दिसायला लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की अशा जागी माणसं राहायला गेलीच कशी. खऱ्या मापात तो उतार सह्याद्रीतल्या शेकडो वाड्यांच्या मागे असतो तसाच दिसतो. ज्यांची घरं अशा उताराखाली आहेत त्यांनी तो तसाच पाहायला हवा.

निवडणुकीबद्दल फार लिहीत नाही, मतमोजणीच्या दिवशीच्या झगमगाटावर सगळेच बोलतात. मात्र २०२४ ची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २३ नोव्हेंबरच्या निकालाची तयारी आम्ही महिनाभर आधी सुरू केली. २८८ जागा, बहुमताला १४५. २०१९ चे टेम्प्लेट चार मोठ्या पक्षांचे होते. आता शिवसेना दोन, राष्ट्रवादी दोन, आणि भाजप-काँग्रेस धरून सहा. धनुष्यबाणवाल्यांचा रंग भगवा, मशालवाल्यांचाही भगवा, भाजपचाही भगवाच. एकाच आलेखात तीन भगवे. त्यातला खरा भगवा कुणाला द्यायचा हा निर्णय संपादकीय बैठकीत व्हायला हवा होता. तो माझ्या टेबलावर झाला, रंगांच्या पॅलेटसमोर. मी छटांचा नाद सोडला आणि प्रत्येक स्तंभावर चिन्ह मोठं केलं, कारण मतदानयंत्रावरही मतदार चिन्हच शोधतो. दुसरा प्रश्न स्तंभांचा. स्टुडिओत थ्रीडी स्तंभ उभे केले आणि जिमी जिबवरचा, म्हणजे लांब हाताच्या क्रेनवरचा, कॅमेरा एका बाजूनं फिरवला की जवळचा स्तंभ थोराड दिसतो आणि लांबचा बारका. वीस जागांचा पक्ष चाळीसवाल्याएवढा भासू शकतो. म्हणून आमच्याकडे स्तंभ सरळ रांगेत नसतात. कॅमेरा मध्याशी धरून अर्धवर्तुळात, सगळे सारख्या अंतरावर उभे करतो, आणि जिबवाल्याला मध्य सोडायची मुभा नसते. तो चिडतो, त्याला भारी शॉट हवा असतो.

अक्षरांचाही एक छळ आहे. बऱ्याच तयार प्रणालींची चाचणी हिंदीवर झालेली असते. मग 'शेतकऱ्यांना' हा शब्द पडद्यावर 'शेतकर्यांना' म्हणून उमटतो, आमच्याकडे दिवसातून शंभरदा लागणारा शब्द. ऱ्य नीट यायला फॉन्टमध्ये तो जोड असावा लागतो आणि टाइप करणाऱ्यानं नुक्तावाला र वापरावा लागतो. नवी प्रणाली आली की मी आधी सेटची चमक बघत नाही. शेतकऱ्यांना, दऱ्याखोऱ्यांत, वाऱ्याचा वेग, ही तीन अक्षरपरीक्षा घेते.

ही सगळी काळजी घेणारी माणसं या धंद्यात आहेत, बरीच आहेत. म्हणूनच जे चाललंय ते बघून जीव तुटतो. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ गुजरातच्या किनाऱ्याकडे येत होतं, तेव्हा एका हिंदी वाहिनीच्या अँकर स्टुडिओत छत्री धरून, वाऱ्यानं लोटल्यासारख्या डुलत बातमी देत होत्या आणि मागे पडद्यावर वादळ. लोक हसले, क्लिप फिरली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. जखाऊजवळ वादळ १५ जूनला धडकायचं होतं. कच्छ-सौराष्ट्रात हजारो माणसं घरं सोडून निवाऱ्यात गेलेली, आणि त्यांचं वादळ इथे नाटकाचा पडदा झालेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये पंजशीर खोऱ्यावर पाकिस्तानी विमानांचा हल्ला म्हणून काही भारतीय वाहिन्यांनी जे दाखवलं ते आर्मा थ्री नावाच्या व्हिडिओ गेममधलं निघालं. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षात स्टुडिओंमधून हवाई हल्ल्याचे भोंगे इतके वाजले की, १० मे रोजी नागरी संरक्षण महासंचालनालयाला वाहिन्यांना ते थांबवायला सांगावं लागलं, कारण खरा भोंगा वाजला तर लोक दुर्लक्ष करतील.

हे का होतं, याचं माझं उत्तर तंत्राशी संबंधित नाही. घटनास्थळी माणूस पाठवायला गाडी लागते, मुक्काम लागतो, जोखीम असते. स्ट्रिंगरला बातमीमागे मिळणारे पैसे इतके कमी आणि इतक्या उशिरा मिळतात की तो दुसरा काहीतरी धंदा करून हे करतो. उलट स्टुडिओतलं वादळ एकदा बनवलं की दर वर्षी वापरता येतं. खर्चाच्या कागदावर दुसरं नेहमी जिंकतं. पण कोल्हापूरची ती दुसरी प्लेट आम्हाला करता आली ती त्या स्ट्रिंगरमुळे. पाण्यात उतरून कंबर की छाती हे सांगणारा माणूस नसेल तर माझं जगातलं भारीतलं इंजिन काय दाखवणार?

दुसरं कारण आमच्याच ऑफिसातलं. बहुतेक ठिकाणी ग्राफिक्सवाले तांत्रिक विभागात धरले जातात. सकाळच्या बैठकीत आम्ही नसतो. बातमी काय, आकडा कुणी दिला, कधीचा, हे आम्हाला कुणी सांगत नाही. येतो तो फक्त निरोप, काय हवं आणि किती वाजता. बातमीदारानं आकडा चुकवला तर तो संपादकाला जाब देतो. आम्ही पाण्याची पातळी ठरवतो, डोंगराचा उतार ठरवतो, कुणाचा स्तंभ केवढा दिसेल ते ठरवतो आणि आमच्याकडून कुणी काही विचारायची अपेक्षाच ठेवत नाही. मी हे गेली काही वर्षं मिळेल त्या बैठकीत बोलते: ग्राफिक्स करणारी व्यक्ती पत्रकार आहे. तिला स्रोत विचारायचा हक्क हवा, वेळ हवा, आणि 'हे मी लावणार नाही' म्हणायची सोय हवी. काही संपादकांनी मान डोलावली. एकानं खरोखर खुर्ची दिली, आता आमच्या विभागातलं कुणीतरी सकाळी बसतं.

सूचनांवर मी थांबले नाही, कारण तोंडी सूचना रात्रपाळीपर्यंत टिकत नाहीत. टेम्प्लेट मीच बनवते, तर नियम त्यातच घातला. पाणी, पाऊस, वारा, उंची, खोली, यांपैकी कशाचाही आकडा टाकायची जी प्लेट आहे, तिच्यात एक जादा रकाना आहे: 'कुठून मोजलं'. तो भरला नाही तर प्लेट ऑन-एअरच्या रांगेत जातच नाही. कल्पनेनं उभ्या केलेल्या दृश्यावर 'संकल्पचित्र' ही पट्टी कोपऱ्यात आपोआप येते. ती काढायची असेल तर पासवर्ड लागतो आणि तो शिफ्टच्या संपादकाकडे असतो, आमच्याकडे नाही. सुरुवातीला रात्री-बेरात्री फोन यायचे, अडकलंय म्हणून. पीसीआरमधल्या मुलांनी रकान्यात नुसतं टिंब टाकून पाहिलं. मग मी किमान आठ अक्षरांची अट घातली. आता यादी तयार आहे आणि एका क्लिकवर निवडता येते: राजाराम बंधारा, आयर्विन पूल, भिडे पुलाचा रस्ता, जमिनीपासून, समुद्रसपाटीपासून. दर पावसाळ्याआधी आम्ही जिल्ह्याजिल्ह्यातल्या स्ट्रिंगरना फोन करून ती वाढवतो. यंदा चिपळूणच्या माणसानं वाशिष्ठीकाठच्या बाजारपेठेतल्या जुन्या पूररेषांची आठवण करून दिली, त्या भिंतींवर रंगवलेल्या आहेत म्हणे. फोटो मागवलेत. आले की त्यांचीही उंची जमिनीपासून मोजून घ्यायला सांगणार आहे.